आईकडे उरलेली किडनी

माझ्या पोटात उजव्या बाजूला आईची किडनी आहे. आईचं ऋण फिटण्यातलं नाही. पण तिच्याकडे बघायला मला पुण्याच्या ज्या डॉक्टर मॅडमनी शिकवलं, त्यांच्या ऋणाबद्दल मी आजवर कुठे बोललो नाही.

वाढलेल्या बीपीकडे मी वर्षानुवर्षं काणाडोळा केला आणि ऐन तिशीत डायलिसिसवर आलो. आठवड्यातून तीनदा वाईहून साताऱ्याला जायचं, चार तास मशीनला लागायचं, संध्याकाळी गळून परत यायचं. रक्तगट जुळला तो आईचा. ती एका पायावर तयार झाली. धास्ती होती ती मलाच, कारण आई मशेरी लावायची.

तिच्या वयाच्या आमच्याकडच्या कितीतरी बायका लावतात. तवा तापवून तंबाखू काळा पडेस्तोवर भाजायचा. त्या धुरानं आम्हा पोरांना ठसका लागायचा. पूड डबीत भरायची आणि सकाळी ओट्यावर बसून बोटानं दातांवर घासायची. हळदीच्या रानात जाण्याआधी आईला मिळणारा विसावा तेवढाच.

पहिल्याच भेटीत मी मॅडमना विचारलं, "आईला मशेरीचं व्यसन आहे. तिची किडनी मला चालेल ना?"

त्यांनी शांतपणे समजावलं. दात्याला व्यसन होतं म्हणून किडनी आपोआप बाद होत नाही. अमेरिकेत 2000 साली मरणोत्तर दात्यांत अमली पदार्थांच्या अतिसेवनानं दगावलेले शंभरात एकाच्या आसपास होते, 2017 मध्ये ते तेरावर गेले; आणि त्यांच्या किडन्या अपघातात गेलेल्यांच्या किडन्यांइतक्याच चालल्या. तिथे खरी काळजी असते ती सुईवाटे आलेल्या कावीळ किंवा एचआयव्हीच्या संसर्गाची, म्हणून रक्त कसून तपासतात. सिगारेट ओढणाऱ्या दात्याची किडनी थोडी कमी टिकते, असं मात्र काही अभ्यासांत दिसलंय.

मग त्या आईकडे वळल्या. "मावशी, गुडघे दुखतात का? गोळ्या घेता?"

आईनं पिशवीतून अर्धी संपलेली पट्टी काढली. "दुकानातनं आणते. दुखलं की एक घेते."

मॅडमनी पट्टी उलटीसुलटी करून नाव वाचलं. अशा वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्या तर किडनीला इजा होते, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. मशेरीची मला एवढी काळजी, आणि या गोळ्या कित्येकदा मीच मेडिकलमधून आणून दिलेल्या. क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिनं, दोन्ही किडन्यांचा स्कॅन असं सगळं झालं. सुदैवानं सगळं ठीक निघालं.

"गोळ्या आजपासून बंद. मशेरीही बंद. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. आणि यापुढे तुम्हाला एकाच किडनीवर राहायचंय, मावशी. ती जपायची."

ते ऐकताना मी चरकलो. मी विचारलं होतं ते माझ्याकडे येणाऱ्या किडनीचं. आईकडे उरणाऱ्या किडनीबद्दल एक शब्दही माझ्या तोंडून निघाला नव्हता. त्यानंतर मला बाहेर बसवून मॅडम आईशी एकट्या बोलल्या. दात्यावर सक्ती नाही ना, याची खात्री 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार करावीच लागते. पण त्या कागदापुरत्या बोलल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "माझं काय होईल, ते बी सांगितलं त्यांनी. कुणी इतकं विचारत न्हाई बघ."

मशेरी सोडणं तिला जड गेलं. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, चिडचिड व्हायची. एकदा भरल्या ताटावरून उठली. तेव्हाही मॅडम फोनवर तिच्याशीच बोलायच्या, तिला धीर द्यायच्या. मी नुसता फोन धरून बसायचो. डबी आईनं स्वतःच्या हातानं चुलीत घातली.

ऑपरेशनला आता बरीच वर्षं झाली. माझ्या गोळ्या जन्मभराच्या आहेत, त्या मी वेळेवर घेतो. वर्षातून एकदा आईचं बीपी, क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घेतो. पुण्याला गेलो की तिचे रिपोर्ट मी आधी पुढे ठेवतो, माझे नंतर. गुडघे अजून दुखतात तिचे. तेल लावते, शेकते, आणि फारच झालं तर मॅडमना विचारून मगच गोळी घेते.