सापाला टॉनिक लागतं का?

मुलांनो, औषधाच्या दुकानात कधी गेलात तर काउंटरच्या मागच्या फळ्यांकडे जरा नीट बघा. उंची वाढवणारी पावडर, हाडं बळकट करणारं सिरप, भूक लागण्याच्या गोळ्या! प्रत्येक डब्यावर उड्या मारणारी गुटगुटीत मुलं. ते बघून कुणालाही वाटेल, की वाढ ही डब्यातून विकत आणायची गोष्ट आहे. परदेशात तर पाळीव सरडे, कासवं आणि साप यांच्यासाठीसुद्धा अशा पावडरी मिळतात. तिकडे साप पाळणाऱ्यांना नेहमी प्रश्न पडतो, की सापाची वाढ चांगली व्हावी म्हणून त्याच्या जेवणावर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं भुरभुरायला हवीत का?

मी काही साप पाळत नाही. तेव्हा हा प्रश्न माझ्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. पण तो माझ्या चौथीच्या वर्गात आला, तोही एका प्लॅस्टिकच्या बरणीत बसून.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या शाळेच्या मागे ओढा आहे. मधल्या सुट्टीआधी शेवटच्या बाकाजवळ मुलांची कुजबुज ऐकू आली म्हणून गेले, तर एका मुलाच्या दप्तरात बरणी. आत वीतभर लांबीचं सापाचं पिल्लू. पाठीवर दोन पिवळसर पट्टे. बरणीच्या तळाला काहीतरी पांढरं.

मी आधी सगळ्यांना मागे सरकायला लावलं. मग विचारलं, “काय रे हे?”

“बाई, नानेटीचं पिल्लू आहे. बिनविषारी असते, आजोबांनी सांगितलंय.”

“आणि हे पांढरं?”

“दूध. त्यात माझं कॅल्शियमचं सिरप घातलंय. दोन झाकणं.”

“ते कशाला?”

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, “मी वर्गात सगळ्यात बुटका आहे ना, म्हणून आई मला देते. हे पण किती बारीक आहे बघा. सहा दिवस झाले बाई, काही म्हणजे काही खात नाही.”

मुलं खो-खो हसली. मला मात्र हसू आलं नाही. त्यानं स्वतःच्या वाटणीचं औषध त्या पिल्लाला काढून दिलं होतं. आणि ते पिल्लू दुधात लडबडून बरणीच्या कडेला निपचित पडलं होतं.

तालुक्याच्या गावच्या एका सर्पमित्रांना फोन केला. अर्ध्या तासात ते मोटारसायकलवरून आले. बरणीकडे बघूनच म्हणाले, “हो, नानेटीच आहे. धडधाकट आहे अजून. वनविभागाला कळवतो आणि ओढ्याकाठी सोडून देऊ.” त्यांनी स्वच्छ पाण्यानं पिल्लाला हळूच धुतलं. तेवढ्यात आमच्या या पठ्ठ्यानं विचारलं, “पण काका, ओढ्यावर त्याला कॅल्शियम कोण देणार?”

या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच उत्तर हवं होतं.

सर्पमित्र म्हणाले, “अरे, नानेटी काय खाते? बेडूक. बेडकाला हाडं असतात की नाही? ती बेडूक गिळते तो अख्खा, हाडांसकट!”

मुलांनो, सगळी गोम या ‘अख्खा’ शब्दात आहे. आपण जेवताना निवडतो, सोलतो, काटे काढतो. साप भक्ष्य अख्खं गिळतो. जगातले सगळे साप मांसाहारी आहेत. धामण उंदीर गिळते, पाणदिवड मासे आणि बेडूक गिळते, कवड्या पाली खातो, तर नागराज चक्क दुसरे साप खातो. अख्खा उंदीर पोटात गेला, की त्याच्या हाडांतून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतं, यकृतातून अ आणि ड जीवनसत्त्व मिळतं, मांसातून प्रथिनं मिळतात. टॉनिकची बाटली उंदराच्या आतच असते म्हणा ना! सापाच्या पाठीच्या कण्यात साधारण २०० ते ४०० मणके असतात. आपल्याला मोठेपणी दिसतात ते जेमतेम २६. एवढ्या सगळ्या मणक्यांची वाढ या जेवणावरच होते.

अमेरिकेत बरीच मुलं ‘कॉर्न स्नेक’ नावाचा बिनविषारी साप पाळतात. तो मूळचा तिकडचाच. पिल्लू असताना त्याला उंदराची तान्ही पिल्लं देतात, मोठा झाला की मोठे उंदीर. असा अख्खे उंदीर खाणारा निरोगी साप असेल, तर त्याला सहसा वेगळी पावडर लागत नाही. उलट अ आणि ड जीवनसत्त्व जास्त झालं तर ते शरीरात साठत जातं आणि अपाय करतं.

मग सरड्यांच्या आणि पालींच्या जेवणावर पावडर का टाकतात? कारण पाळीव पालीला रातकिडे खायला देतात आणि किड्यांना हाडंच नसतात! तिथे कॅल्शियम कमी पडलं, तर तिची हाडं मऊ होऊन वाकतात. सापालाही कुणी हाडं काढलेले मांसाचे तुकडेच देत राहिलं, तर त्याचेही असेच हाल होतील.

हाडांचं पुढे काय होतं, याचा एक मजेदार शोध २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रान्समधल्या माँपेलिए विद्यापीठातले शास्त्रज्ञ बर्मी अजगराच्या आतड्याचा अभ्यास करत होते. अजगराच्या विष्ठेत हाडाचे तुकडे सापडत नाहीत, म्हणजे हाडं पूर्ण विरघळतात. मग एवढ्या कॅल्शियमचं तो करतो काय? त्यांना आतड्यात एक खास प्रकारच्या पेशी सापडल्या. जास्तीचं कॅल्शियम आणि फॉस्फरस या पेशींत बारीक कणांच्या रूपानं जमा होतं. अजगरांना बिनहाडाचं भक्ष्य दिलं, तेव्हा ते कण दिसले नाहीत. बिनहाडाच्या भक्ष्याबरोबर कॅल्शियम दिलं, तेव्हा पुन्हा दिसले. म्हणजे अख्ख्या जेवणातच इतकं कॅल्शियम असतं, की अजगराला जास्तीचं बाजूला काढायची सोय शरीरात ठेवावी लागली आहे. वरून आपण सिरप कशाला ओतायचं?

याला अपवाद आहेत, तेही सांगते. उत्तर अमेरिकेत ‘गार्टर स्नेक’ असतो. आपल्या नानेटीचा लांबचा चुलतभाऊच. पाळलेल्या गार्टर स्नेकला काही जण फक्त मासे घालतात. काही जातींच्या कच्च्या माशांत एक असा पदार्थ असतो, की तो ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. मग सापाचा तोल जातो, त्याला झटके येतात. अशा वेळी पशुवैद्य ब-१ देतात आणि मासे बदलायला सांगतात. पण नीट पाहिलं तर इथेही उणीव सापाची नाही, त्याच्या पुढ्यात ठेवलेल्या ताटाची आहे.

आणि दूध? दूध हे सापाचं अन्नच नव्हे. सापाची आई पिल्लांना दूध पाजत नाही. त्याला पाणी लागतं. पूर्वी नागपंचमीला गारुडी नागांना आधी कित्येक दिवस तहानलेलं ठेवत. मग बिचारा नाग समोर येईल ते पिई. लोकांना वाटे, नागोबा दूध प्यायला! सापाला दूध पचत नाही, आणि ते फुप्फुसात शिरलं तर जीवही जातो.

म्हणून त्या दिवशी ओढ्यावर गेलो. त्या मुलालाच पुढे उभं केलं होतं. सर्पमित्रांनी पिशवी गवतात ठेवून तोंड उघडलं. पिल्लू क्षणभर थांबलं आणि सर्रकन गवतात दिसेनासं झालं. मुलगा बराच वेळ तिकडे बघत राहिला. परत येताना मला हळूच म्हणाला, “बाई, मग मी काय अख्खं खाऊ?”

हा प्रश्न मी त्याच्या आईसमोर ठेवला. सिरप डॉक्टरांनी दिलेलं नव्हतं, शेजारणीच्या सांगण्यावरून आणलेलं होतं. मी काही डॉक्टर नाही, म्हणून एवढंच म्हटलं, “ताई, आरोग्य केंद्रात नेऊन एकदा त्याची उंची-वजन दाखवा. औषध द्यायचं की नाही ते डॉक्टर सांगतील. आणि डब्यात काय देता?” त्या म्हणाल्या, “बाई, बिस्किटाचा पुडा. भाकरी खातच नाही तो.” घरात नाचणी होती, तीळ होते, आठवड्याच्या बाजारात मांदेली मिळत होती. नाचणीत आणि तिळात कॅल्शियम भरपूर असतं, आणि बारीक मांदेली कुरकुरीत तळली की काट्यासकट खाता येते. पुढच्या सोमवारी डब्यात नाचणीची भाकरी होती. कडा तेवढ्या उरवल्या होत्या, पण होती. आणि आई-वडील दोघंही ठेंगणे असल्यामुळे तो बहुधा फार उंच होणार नाही, हेही मी त्या माउलीला सांगितलं. ठेंगणं असणं हा काही आजार नव्हे.

पालकहो, मुलाची वाढ खुंटल्यासारखी वाटली तर डॉक्टरांना जरूर दाखवा. त्यांनी औषध दिलं तर ते नीट द्या. पण डबा विकत घेण्याआधी ताटाकडे एकदा बघा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी दोन गोष्टी. आपल्याकडचे साप पकडणं, घरात ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. दुसरं म्हणजे, सापाचं पिल्लू ओळखण्यात मोठी माणसंही चुकतात. कवड्या समजून मण्यार हातात धरल्यानं माणसं दगावली आहेत, आणि नागाचं पिल्लू अंड्यातून येतानाच विष घेऊन येतं. तेव्हा साप दिसला, तर दोन हात लांब नव्हे, चांगलं दहा हात लांब उभं राहायचं, मोठ्यांना हाक मारायची आणि सर्पमित्रांना किंवा वनविभागाला बोलवायचं.

त्याच्या जेवणाची काळजी करू नका. त्याचं ताट ओढ्यावर वाढलेलं आहे. आपण फक्त ओढ्यात कचरा टाकायचा नाही, म्हणजे तिथले बेडूक जगतील.