मुखवट्याआधी वाजते संबळ

नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे टाकून जव्हारच्या रस्त्याला लागलात, की डोंगरातली वळणे पार केल्यावर मोखाडा लागतो. पालघर जिल्ह्यातला हा तालुका भात, नागली आणि वरईचा. सुगी उरकून हात मोकळे झाले, की उन्हाळ्याच्या दिवसांत या भागात बोहाडा भरतो. नोकरीच्या निमित्ताने तो पाहण्याचा योग मला आला आणि शेतीबाहेरचा एक धडा मी तेथे शिकलो.

बोहाडा म्हणजे मुखवटे लावून रात्री नाचवलेली देवदानवांची सोंगे. मुखवटे कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे, भडक रंगांचे. ठरावीक सोंग ठरावीक घराण्याकडे, बापाकडून लेकाकडे आलेले. असा राक्षस अंधारात एकाएकी पुढ्यात आला, तर धट्टाकट्टा गडीसुद्धा दचकेल. पण तेथे तर लहान पोरे आजीच्या मांडीवर बसून मजेत बघत होती. हे कसे?

मी नीट निरखून पाहिले. आधी संबळ आणि सनई ऐकू येते, मग मशालींचा उजेड दिसतो, आणि त्यानंतर सोंग येते. पहिला मान गणपतीचा. उग्र सोंगे मागाहून. मुखवट्याच्या भोकांतून धड दिसत नाही, म्हणून सोबतीला उघड्या तोंडाचा माणूस असतो. तोच वाट करून देतो. माझ्या शेजारी एक पोर रडू लागले, तेव्हा त्याची आई म्हणाली, "आरं, आपला मामाच हाय तो. पाय बघ त्याचे." पोराने उजेडात पाय पाहिले आणि त्याचे हुंदके थांबले.

तेव्हा मला माझी चूक आठवली. एका शेतकरी मेळाव्यात मी मोठ्या हौसेने एका तरुणाला गुलाबी बोंडअळीचे सोंग दिले होते. वाजंत्री मागे राहिली आणि ही अळी एकटीच वळणावरून गावात शिरली. समोरची बैलजोडी उधळली, गाडी कलंडली, गाडीवानाचा हात मोडला. दोष बैलांचा नव्हता, माझा होता.

म्हणून सांगतो. मिरवणुकीत सोंग काढायचे असेल, तर आदल्या दिवशी दवंडी द्या. वाद्य पुढे ठेवा. सोबत गावच्या ओळखीचा माणूस द्या. गुरे घरी येण्याची वेळ टाळा. मूल घाबरले, तर मुखवटा वर करून चेहरा दाखवा.

आणि बघणाऱ्यांचेही एक काम आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ते पोट भरायला आलेले भिक्षेकरी होते. त्यांच्याआधी मोबाईलवरची अफवा पोचली होती.

तेव्हा उद्या तुमच्या दारी बहुरूपी आला, कुणी अनोळखी वेषातला माणूस आला, तर आधी नाव-गाव विचारा. शंका वाटली तर पोलीस पाटलाला बोलवा आणि तो येईपर्यंत पाहुण्याला पाणी द्या. त्या आईने पोराला सांगितले तेच आपणही करू. आधी पाय बघू. सोंग कसलेही असो, पाय माणसाचेच असतात.