फडक्यातली नाचणी

१.
नाचणी रात्री भिजत घातली. सकाळी पाणी तांबूस. पिठाच्या पाकिटावर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात असतं, त्या 'अँटिऑक्सिडंट'पैकी थोडं मोरीतून गेलं.

२.
आई सत्त्व वस्त्रगाळ करायची. फडक्यावर उरलेला तांबडा कोंडा कोंबड्यांना. नाचणीतली पॉलिफेनॉलं, म्हणजे तीच अँटिऑक्सिडंट, मुख्यतः त्या सालीतच असतात. आमच्या कोंबड्या ठणठणीत होत्या.

३.
पॉलिफेनॉलांतलं टॅनिन लोहाला धरून बसतं, अंगी लागू देत नाही. जेवणावर लगेच चहा नको म्हणतात ते याचमुळे. तेच टॅनिन पाकिटावर 'गुणकारी'.

४.
काही तांबड्या ज्वाऱ्यांत टॅनिन इतकं, की तुरटपणामुळे पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. गोफण फिरवावी लागते ती मालदांडी ज्वारीसाठी.

५.
कोरड्या दाण्यात क जीवनसत्त्व जवळपास नसतं. मोड आले की तयार होतं. मग आपण मोड वाळवतो, भाजतो, आणि ते बरंचसं घालवतो.

६.
मोड येताना दाण्यात अमायलेज तयार होतं आणि स्टार्च तोडू लागतं. म्हणून मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते. साधं पीठ तेवढंच घेतलं तर खळ होते, लेकराच्या घशाखाली उतरत नाही. पाणी वाढवावं तर पोट पाण्यानेच भरतं. मोडाच्या पेजेत वाटी तीच, पीठ जास्त. भाजायचं मात्र मंद आचेवर. करपवलं तर अमायलेजही गेलं. मला विचाराल तर मोडाचा खरा गुण हा. पाकिटावर याचं अक्षरही नाही.

७.
अँटिऑक्सिडंट मोजायला प्रयोगशाळेत डीपीपीएच नावाचं जांभळं द्रावण असतं. धान्याचा अर्क टाकला की ते पिवळट होत जातं. रंग किती उतरला, तेवढे गुण. पोटात जांभळं काही नसतं.

८.
अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता २०१२ साली संकेतस्थळावरून काढला. हे आकडे शरीरात काय घडतं ते सांगत नाहीत, म्हणून.

९.
दुकानात मोडाचं पीठ साध्यापेक्षा महाग. परतीच्या पावसात कणसावरच मोड आलेली ज्वारी बाजार समितीत 'डागी'.

१०.
ज्वारीचे मोड कच्चे कोशिंबिरीत घालू नका. कोवळ्या कोंबात धुरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळ्या ज्वारीत गुरं सोडत नाहीत, ती त्याचसाठी.