अलास्काचं तेल, स्लॅबचा व्हायब्रेटर आणि आमची पाइपलाइन



स्लॅब टाकताना काँक्रीटमध्ये व्हायब्रेटरची नळी घालतात, ती आपण सगळ्यांनी बघितली आहे. घट्ट बसलेला माल नळी गुरगुरली की पातळ झाल्यासारखा पसरतो. नळी काढली की परत जागच्या जागी थांबतो. ह्याच नळीवरून एका माणसानं बर्फाच्या मुलखातला तेलाचा प्रश्न सोडवला. आधी ती हकीकत सांगतो, मग आपल्या पाइपलाइनवर येतो.

२४ मार्च १९८९ ला अमेरिकेच्या अलास्का राज्यात एक्सॉन व्हाल्डीझ नावाचं तेलाचं जहाज खडकावर चढलं. जवळपास ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात सांडलं. त्यानंतर तिथल्या सरकारनं कायदा केला आणि तेलगळतीवर अभ्यास करायला कॉर्डोव्हा गावात एक संस्था उभी राहिली, ऑइल स्पिल रिकव्हरी इन्स्टिट्यूट. त्यांच्यापुढं एक अडचण होती. समुद्रातून गोळा केलेलं तेल-पाण्याचं मिश्रण बार्जमध्ये भरलं की गारठ्यानं इतकं घट्ट व्हायचं की पंपानं ओढता येईना.

२००७ मध्ये संस्थेनं हा प्रश्न इनोसेंटिव्ह ह्या ठिकाणी इंटरनेटवर टाकला. २००१ ला सुरू झालेली ही कंपनी. तिथं कंपन्या आणि संस्था आपले अडलेले प्रश्न मांडायच्या, बक्षीस जाहीर करायच्या, आणि जगातला कोणीही उत्तर पाठवू शकायचा. ह्या प्रश्नाला २० हजार डॉलर बक्षीस होतं. ते मिळालं इलिनॉय राज्यातल्या जॉन डेव्हिसला. माणूस रसायनशास्त्रातला, तेलाच्या धंद्याशी संबंध नाही. पण त्यानं पूर्वी काँक्रीटच्या कामाला हात लावलेला होता. काँक्रीट हलत ठेवलं की घट्ट होत नाही, मग तेल का होईल? त्यानं व्हायब्रेटरची युक्ती सुचवली. नवीन यंत्र काढायला लागलं नाही, दुसऱ्या धंद्यात रोज वापरात असलेलं होतं तेच.

दुसरं उदाहरण विमानाच्या इंजिनाचं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं २०१३ मध्ये ग्रॅबकॅड ह्या ठिकाणी इंजिनाच्या एका ब्रॅकेटचा प्रश्न टाकला. ब्रॅकेट टायटॅनियमचा, वजन २,०३३ ग्रॅम. मजबुती न घालवता हलका करून द्या, असं सांगितलं. ५६ देशांतून जवळपास ७०० नमुने आले. कंपनीनं त्यातले दहा निवडले, स्वतः बनवले आणि यंत्रात धरून साडेतीन टनांहून जास्त ताकदीनं ओढून बघितले. पहिला आला इंडोनेशियातला एक तरुण इंजिनिअर, एम. आरी कुर्नियावान. त्याचा ब्रॅकेट ३२७ ग्रॅमचा. म्हणजे ८४ टक्के वजन गेलं. त्याला बक्षीस ७ हजार डॉलर.

आता हे वाचून वाटेल की प्रश्न चार लोकांत टाकला की उत्तर येतंच. तसं नाही. २०१० च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपी कंपनीच्या तेलविहिरीवर स्फोट झाला. ११ माणसं गेली. विहिरीचं तोंड बंद व्हायला ८७ दिवस लागले. त्या काळात जगभरातून लाखाच्या वर सूचना कंपनीकडं आल्या. त्या नुसत्या वाचून चाळायलाच इंजिनिअर बसवावे लागले, आणि प्रत्यक्ष उपयोगात आल्या त्या मोजक्याच. लोक हुशार नव्हते असं नाही. पण दीड किलोमीटर खोल समुद्राच्या तळाशी दाब किती, गार किती, तिथं कोणतं यंत्र पोचतं, हे घरात बसलेल्या माणसाला माहीत नव्हतं.

ब्रॅकेटवाल्यांनी काय केलं बघा. बोल्टची भोकं कुठं, धातू कोणता, कुठल्या बाजूनं किती ताकद लागणार, जागा किती, सगळं मापून दिलं होतं. इंडोनेशियातल्या पोराला ते इंजिन बघायला जावं लागलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की लोक लांबून आपला प्रश्न सोडवू शकतात, पण प्रश्न त्यांच्यापर्यंत मापासकट पोचला तर.

आता आमचं. नदीवरून डाळिंबाच्या बागेपर्यंत आमची १,४०० मीटर लाइन आहे. ४ इंची, ६ किलोची पाइप, साडेसात एचपीची मोटर, उभी चढ ३८ मीटर. गेल्या उन्हाळ्यात ती पाच आठवड्यांत तीन वेळा फुटली, तिन्ही वेळा खालच्या अंगाला, मोटरीपासून दोनशे मीटरच्या आत. आंबे बहार धरलेला, फळ लिंबाएवढं. ज्यांची डाळिंब आहे त्यांना सांगायला नको. चार दिवस ताण बसायचा आणि मग एकदम पाणी, म्हणजे फळ तडकायला आमंत्रणच. त्या बागेवर सोसायटीचं कर्ज होतं आणि धाकट्याची कॉलेजची फी होती.

शेतकऱ्यांच्या मोठ्या ग्रुपवर फोटो टाकला. साठ-सत्तर उत्तरं आली. कोणी म्हणालं पाइप हलकी, कोणी म्हणालं सोल्युशन कच्चं, कोणी म्हणालं गाळण खराब. सगळ्यात जास्त जणांचं एकच मत, १० किलोची पाइप टाका. अंदाज काढला तर तीन लाखांच्या वर.

त्या गर्दीत एका पोरानं उत्तर दिलं नाही, उलट प्रश्न विचारला. "काका, मोटर चालू असताना फुटती, का लाइट गेल्यावर?" पोरगा शेतकरी नव्हे, एका गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर कामाला. आम्ही आठवून बघितलं. तिन्ही वेळा लाइट गेल्यानंतरच. तो म्हणाला, मोटरीच्या पुढं प्रेशर मीटर बसवा आणि लाइट जाताना काट्याचा व्हिडिओ काढून पाठवा. मीटरला चारशे-पाचशे रुपये गेले. मोटर चालू असताना काटा साडेचारवर. लाइट गेली की झपकन खाली आला, आणि दुसऱ्याच क्षणी सातच्या पुढं उडाला. पाइप सहाची.

मग त्यानं समजावलं. लाइट जाते तेव्हा मोटर थांबते, पण लाइनमधलं पाणी थांबत नाही. ते आपल्या वेगानं थोडं वर जातं, मग मागं फिरतं. तोवर एनआरव्हीची झडप उघडीच असते. मागं येणारं पाणी ती झडप आपटून बंद करतं, आणि सगळ्या लाइनीतल्या पाण्याचा धक्का तिथं बसतो. ह्याला वॉटर हॅमर म्हणतात. गावच्या योजनांत तो रोजचा असतो. उपाय दोन. स्प्रिंगचा एनआरव्ही, जो पाणी मागं फिरायच्या आधीच मिटतो. आणि लाइनीच्या उंचवट्यावर असा एअर व्हॉल्व्ह, जो हवा बाहेर सोडतो आणि लाइट गेल्यावर आतही घेतो. दोन्ही बसवले. आता लाइट गेली की काटा पाच-सव्वापाचच्या वर जात नाही. तेव्हापासून लाइन फुटलेली नाही. बाग हाताला लागली.

इथं पण तेच झालं. उत्तर आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाकडं होतं, डेव्हिसकडं होतं तसं. आणि काट्याचा व्हिडिओ गेला तेव्हाच त्याला खात्रीनं सांगता आलं.

आणखी एक. साठ जणांनी पाइप बदला म्हणलं तरी ते खरं ठरत नाही. ग्रुपवर मतमोजणी करून निर्णय घ्यायचा नसतो. जनरल इलेक्ट्रिकनं सातशे नमुन्यांतून दहा निवडले, तरी यंत्रात धरून ओढले, आणि त्यातला एक मोडलाच. कागदावर तो पण चांगलाच दिसत होता. सल्ला देणाऱ्याचं काही जात नाही, फळ आपलं गळतं. म्हणून आधी पाचशे रुपयांचा मीटर, मग तीन लाखांची पाइप. कमी पैशात खरं-खोटं करता येत असेल तर ते पहिलं करायचं.

तेव्हा मंडळी, ह्या पेजवर प्रश्न टाकताना एवढं लिहीत जा:

काय होतंय, केव्हा होतंय, किती वेळा झालं. मोटर किती एचपी, लाइन किती लांब, किती इंची, किती किलोची, चढ किती. झाडाचं असेल तर माती, पाणी, वय, मागच्या पंधरा दिवसांत काय सोडलं, काय मारलं. अख्ख्या रानात आहे की एका कोपऱ्यात. आधी काय करून बघितलं आणि त्याचं काय झालं. नुसता पिवळ्या पानाचा फोटो आणि "काय मारू?" एवढ्यावर शंभर औषधांची नावं येतात, उत्तर येत नाही.

कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींना पण विनंती. फोटो बघून लगेच औषध सांगू नका. त्या पंपहाऊसच्या पोरासारखा आधी एक प्रश्न विचारा.

आणि जे शेतकरी नाहीत, वेल्डर, प्लंबर, वायरमन, बोअरवाले, गवंडी, त्यांनी आपला विषय नाही म्हणून पुढं सरकू नका. तुमच्याकडं रोजच्या वापरात असलेली एखादी गोष्ट आमच्या रानात अडलेली असते.

ज्यांची लाइन लाइट गेल्यावर फुटती, त्यांनी वरची सगळी मापं घालून खाली लिहा. तो पोरगा पेज वाचतो. मी पण वाचतो.