फ्लॉरेन्सची पावती

परदेशी जायला पैसा लागतो, हे सारेच जाणतात. पण घरी यायला कागद लागतो, हे मला गेल्या वर्षी कळले!

आमची कन्या इटलीत फ्लॉरेन्सला शिकते. तिच्या तिथल्या वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपली होती. नवा मिळावा म्हणून अर्ज केलेला. पण हाती होती ती फक्त पोस्टाची पावती. कार्ड कधी मिळेल, कोणी सांगेना. आणि इकडे कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या घरी, माझी शहाऐंशी वर्षांची आई अंथरुणाला खिळलेली. मी कन्येला भेटायला निघालो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "दिवाळीला पोरीला घिऊनच ये रं. फुडची दिवाळी काय मला दिसत न्हाई."

निरोप ऐकून कन्येचे डोळे भरले. "पण बाबा, परत येऊ दिलं नाही तर? शेवटचं वर्ष आहे माझं." यावर मी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी तिने मला कासिने उद्यानात नेले. आर्नो नदीच्या काठाने चालत टोकाला गेलो. तिथे मुन्योने नावाची लहानशी नदी तिला मिळते. मला आपला प्रयाग चिखलीचा संगम आठवला. आणि पाहतो तो काय, समोर छत्री, नि छत्रीखाली पागोटे घातलेल्या तरुणाचा रंगीत अर्धपुतळा! हे आमचे कोल्हापूरचे राजाराम महाराज. 1870 साली ते विलायतेला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, प्रवासाची रोजनिशी लिहिली; आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला याच शहरी वारले. वय अवघे वीस! नगरपालिकेच्या खास परवानगीने या संगमावर त्यांचे दहन झाले. हे स्मारक 1874 चे. जवळच्या मोठ्या पुलालाही लोक त्यांच्यावरूनच 'इंडियानो' म्हणतात.

राजाला कोण अडवणार होते? तरी रंकाळा काही पुन्हा दिसला नाही. आम्ही दोघेही बराच वेळ गप्प होतो. मग ती म्हणाली, "बाबा, तिकीट काढू या."

चौकशी केली. पावती, पासपोर्ट नि मुदत संपलेले कार्ड जवळ असले, तर जाऊन परत येता येते. मात्र इटलीतूनच निघायचे, परतताना इटलीतच उतरायचे; वाटेत शेंगेन करारातल्या दुसऱ्या देशात विमान बदलायचे नाही. फ्रँकफुर्टवरून तिकीट स्वस्त होते. ते सोडले आणि रोमहून दोहामार्गे महागडे काढले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आजीने थरथरत्या हातांनी नातीला उटणे लावले. पंधरवड्याने मुंबईच्या विमानतळावर तिथल्या बाईंनी ती पावती उलटसुलट करून पाहिली, कोणाला तरी फोन लावला. ती दहा मिनिटे मला तासासारखी गेली. दुसऱ्या दिवशी रोमहून निरोप आला, 'पोचले.'

आई माघात गेली. नातीचे कार्ड फाल्गुनात मिळाले.