रोहितांच्या भेटीला, बाबांसह

नवी मुंबईत पाहुणे आले की बेत ठरू लागतात. नेरूळचे वंडर्स पार्क, वाशीचे सागर विहार, पाम बीच रस्त्यावरून फेरफटका. आणि त्या बेतांत एक वाक्य हमखास असते, "बाबा, तुम्ही घरीच आराम करा."

हे वाक्य मीही उच्चारले आहे, तेही डॉक्टरच्या अधिकाराने. माझे ८२ वर्षांचे वडील न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडले नाही. तरी मी त्यांचे बाहेर जाणे बंद केले. सहा महिन्यांत त्यांना खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागला. पडण्याने झाले नव्हते ते नुकसान माझ्या काळजीने केले. उतारवयात न वापरलेले स्नायू फार लवकर क्षीण होतात, हे रुग्णांना सांगणारा मी घरात मात्र विसरलो होतो.

गेल्या फेब्रुवारीत त्यांना रोहित पक्षी दाखवायला नेले. ठाणे खाडीत हे पाहुणे साधारण नोव्हेंबर ते मे या काळात मुक्कामाला असतात. खाडीचा काही भाग २०१५ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. येथील वेळापत्रक समुद्र ठरवतो. ओहोटीत पक्षी खाडीतील उघड्या चिखलावर चरतात. भरतीचे पाणी चढले की नेरूळच्या पाणथळ तलावांकडे विसाव्याला येतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून सकाळी किंवा उन्हे कलल्यावर भरती येणारा दिवस निवडावा. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नौकाफेरीही असते. परंतु ज्यांचा तोल जातो, त्यांनी काठावरूनच पक्षी पाहणे श्रेयस्कर.

आम्ही शंभर पावले चाललो, घडीच्या खुर्चीवर विसावलो, पुन्हा शंभर पावले. समोर गुलाबी रांग दिसली. बराच वेळ पाहून बाबा म्हणाले, "हे एका पायावर उभे राहतात आणि तू मला दोन पायांवरही उभा राहू देत नव्हतास!" मला उत्तर सुचले नाही.

ज्येष्ठांना नेताना काही पथ्ये पाळावीत. एका दिवशी एकच स्थळ पाहावे. स्वच्छतागृह कोठे आहे, हे आधी विचारून घ्यावे. त्या धास्तीनेच अनेक जण पाणी पीत नाहीत आणि मग चक्कर येते. लघवी वाढवणारी गोळी चालू असल्यास ती स्वतःहून न टाळता वेळेबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मधुमेहींनी जेवणाची वेळ चुकवू नये. साखर जवळ बाळगावी. पायांत न घसरणारे बूट, डोक्यावर टोपी, हातात काठी असावी. छातीत दुखले, धाप लागली किंवा दरदरून घाम फुटला, तर सहल तेथेच थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.

त्या दिवसापासून बाबा रोज सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारतात. पुढचा बेत त्यांनीच ठरवला आहे : बेलापूरहून मेट्रोने खारघरच्या सेंट्रल पार्कला जायचे. खुर्ची मी न्यायची, वेग त्यांनी ठरवायचा.