लांब शेपटीची गाडी

जुनी मोटार घेणें म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा अंगांत घालणें, असें आमचे एक स्नेही म्हणत. तरीहि 2016 सालीं आम्हीं 2010 सालची डिझायर घेतली. कारण विचाराल तर, डिकी! चार मीटरांहून आंखूड व लहान एंजिनाच्या गाड्यांना सरकारनें 2006 सालीं करांत सवलत दिली. त्या सवलतीपायीं 2012 सालीं या गाडीचें शेपूट छाटलें गेलें. 4,160 मिलिमीटरांची लांबी 3,995 वर आली आणि 440 लिटरांची डिकी 316 वर. कर वांचला खरा. पण आईची चाकांची खुर्ची ठेवली कीं तिची वळकटी तींत राहीना.

आधींच्या मालकांनीं पुढें चिमुकला गणपति चिकटविला होता. आम्ही तो काढूं लागतांच आई म्हणाली, “राहूं दे रे, त्याला रस्ते ठाऊक आहेत.” दर महिन्यास आम्ही पुण्याहून वाईस जात असूं. खंबाटकीचा घाट चढतांना, बैलाला चुचकारावें तशी ती गाडीला चुचकारी.

आई जाऊन आतां वर्षें लोटलीं. गिऱ्हाइकें येतात, डिकी उघडा म्हणतात. खुर्ची अजून तेथेंच आहे. किल्ली सांपडत नाहीं, असें आम्ही सांगतों.